मत फक्त वापरणाऱ्यांना: व्हँकुव्हरच्या ‘व्हँडू’ची वाटचाल

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे एक ठरलेली वाट आहे. पहिली सभा कोणाच्या ओसरीवर झाली, घटना कोणी लिहिली, जागेसाठी किती उंबरे झिजवले, मग इमारत निधी, मग रौप्यमहोत्सव आणि शेवटी आजी-माजी अध्यक्षांची नावे. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराच्या ‘व्हँडू’ या संघटनेचा इतिहासही याच वाटेने बऱ्यापैकी सांगता येतो. पहिली सभा बागेतल्या गवतावर भरली. घटना आहे, कार्यकारिणी आहे, निवडणुका होतात, इतिवृत्त लिहिले जाते, जागेचे आणि अनुदानाचे रडगाणे तर आहेच. अडचण येते ती माजी पदाधिकाऱ्यांच्या यादीपाशी. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला म्हातारपण आलेच नाही.

पूर्ण नाव व्हँकुव्हर एरिया नेटवर्क ऑफ ड्रग यूजर्स. हेरॉइन, कोकेन, क्रॅक, मेथ असे बेकायदा पदार्थ आज वापरणारे किंवा पूर्वी वापरलेले लोक हेच तिचे पूर्ण सभासद. ज्याने यातले काही कधी घेतलेले नाही त्याला येऊन बसता येते, हातभार लावता येतो. पण मत देता येत नाही आणि कार्यकारिणीवर निवडून येता येत नाही, मग तो डॉक्टर असो, समाजसेवक असो की संशोधक. धर्मादाय संस्थांत सहसा याच्या उलट असते. ज्यांच्यासाठी संस्था, ते ‘लाभार्थी’ म्हणून बाकावर बसतात आणि त्यांच्याविषयीचे ठराव दुसरेच कोणी करतात. व्हँडूच्या इतिहासात सुया आहेत, इंजेक्शनची खोली आहे, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. पण हे सगळे सभासदत्वाच्या या एका कलमातून निघाले, असे माझे मत आहे, आणि पुढचे लेखन त्याच बाजूने झुकलेले वाटले तर ते मुद्दाम आहे.

आधी वस्ती. शहराचा जुना पूर्व भाग म्हणजे डाउनटाउन ईस्टसाइड. हेस्टिंग्ज आणि मेन हे दोन रस्ते मिळतात तो चौक त्याचा मध्य. लाकूडतोडे, मच्छीमार, खाणकामगार हंगाम संपला की इथल्या एका खोलीच्या स्वस्त हॉटेलांत येऊन राहत. शेजारी चिनी वस्ती, पॉवेल स्ट्रीटच्या बाजूला जपानी. कॅनडातल्या अमली पदार्थांच्या पहिल्या कायद्याचे मूळही इथेच आहे. सप्टेंबर १९०७ मध्ये गोऱ्यांच्या जमावाने चिनी आणि जपानी दुकाने फोडली. भरपाई ठरवायला ओटावाहून मॅकेन्झी किंग नावाचे अधिकारी आले. पुढे हेच पंतप्रधान झाले. भरपाई मागणाऱ्यांत अफूचे कारखानदारही होते, कारण तेव्हा तो धंदा उघड आणि कायदेशीर होता. किंग यांनी परत जाऊन अफूबंदीची शिफारस केली आणि १९०८ चा अफू कायदा आला. दंगल गोऱ्यांनी केली होती, कायदा बसला चिन्यांवर. व्हँडूचे कार्यकर्ते आपली कहाणी सांगताना नव्वद वर्षे मागे का जातात, ते यावरून कळते.

एक्स्पो ८६ हे जागतिक प्रदर्शन व्हँकुव्हरात भरले तेव्हा पर्यटकांसाठी खोल्या हव्यात म्हणून हॉटेलवाल्यांनी जुन्या भाडेकरूंना बाहेर काढले. रिव्हरव्ह्यू हे मनोरुग्णालय टप्प्याटप्प्याने रिकामे होत गेले आणि तिथल्या कितीतरी लोकांना परवडणारी जागा एवढीच उरली. १९९३ मध्ये वुडवर्ड्स हे मोठे दुकान बंद झाले आणि हेस्टिंग्ज स्ट्रीटची रया गेली. त्याच सुमारास वस्तीत स्वस्त कोकेन आले.

कोकेनचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचा अनर्थ त्यातून झाला. हेरॉइन टोचणारा माणूस दिवसातून तीन-चार वेळा टोचतो. कोकेनचा अंमल पटकन उतरतो, त्यामुळे ते टोचणारा एका बैठकीत दहा-पंधरा वेळाही टोचून घेतो. १९८९ पासून वस्तीत सुया बदलून देण्याचे केंद्र होते आणि नव्वदीच्या मध्यावर तिथून वर्षाला वीस लाखांहून अधिक सुया जात होत्या. आकडा प्रचंड वाटतो. पण जुनी सुई दिली तरच नवी मिळणार, केंद्र ठरावीक वेळेतच उघडे राहणार, आणि कोकेनची बैठक तर रात्रभर चालणार. पहाटे तीनला सुई संपली की शेजारच्याची वापरायची. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी २३ टक्के लोकांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. नव्या लागणीचा वेग वर्षाला शंभरांमागे अठराहून जास्त होता. श्रीमंत देशांतल्या कोणत्याही शहरात तोवर असे क्वचितच दिसले होते. दुसरीकडे ओव्हरडोसने माणसे मरत होती. १९९८ या एका वर्षात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात असे सुमारे ४०० मृत्यू झाले.

या पडझडीत दोन माणसे एकत्र आली. बड ऑस्बर्न कवी होते आणि स्वतः हेरॉइनच्या फेऱ्यातून गेलेले होते. ॲन लिव्हिंग्स्टन यांनी कधी ड्रग घेतलेले नव्हते. चर्चला जाणारी, मुलांना एकटीने वाढवणारी ही बाई सभा भरवण्यात तरबेज होती. लिव्हिंग्स्टन यांनी १९९५ मध्ये पॉवेल स्ट्रीटवर एका गाळ्यात ‘बॅक ॲली’ नावाची जागा काही सोबत्यांबरोबर चालवून पाहिली होती. तिथे लोक आत येऊन टोचून घेत, कुणाला काही झाले तर बाकीचे सावरत. परवानगी कसलीच नव्हती. सुमारे वर्षभराने पोलिसांनी ती बंद पाडली. जुलै १९९७ मध्ये ओपनहायमर पार्क या वस्तीतल्या बागेत एक हजार लाकडी क्रूस रोवले गेले, ओव्हरडोसने गेलेल्या एकेकासाठी एक. वाहतूक अडली, कॅमेरे आले. मग ऑस्बर्न स्थानिक आरोग्य मंडळावर नेमले गेले आणि त्याच वर्षी मंडळाने सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली. सरकारी खोलीत ठराव मांडणारा माणूस स्वतः त्या गल्लीतून आलेला असला की ठरावाची भाषा कशी बदलते, याची ही सुरुवात होती.

आता ती सभा. सप्टेंबर १९९७, जागा तीच बाग. ड्रग वापरणाऱ्यांनो या, असे भित्तिपत्रक वस्तीत लावले होते. लोक येऊन गवतावर बसले. लिव्हिंग्स्टन यांची पद्धत साधी होती: तुमचे प्रश्न काय, ते सांगा, आणि जो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत मोठ्या कागदावर लिहायचे. बोललेले कागदावर उतरताना दिसणे, यात इतके विशेष काय, असे वाचकाला वाटेल. ज्यांचे म्हणणे आजवर फक्त पोलिसांच्या जबानीत किंवा दवाखान्याच्या केसपेपरवर लिहिले गेले, आणि तेही दुसऱ्याच्या भाषेत, त्यांच्यासाठी होते. पोलीस सुया तोडून टाकतात. रुग्णवाहिका बोलावली की मागून पोलीसही येतात, म्हणून लोक फोनच करत नाहीत. इस्पितळात गळू दाखवायला गेले की आधी पाठ फिरवतात. हॉटेलच्या खोलीत एकटे टोचताना माणूस जातो आणि दोन दिवस कुणाला पत्ता लागत नाही. हे प्रश्न कोणत्याही सर्वेक्षणाच्या छापील अर्जावर नव्हते.

सभा दर आठवड्याला भरू लागल्या. १९९८ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि आरोग्य मंडळाकडून थोडे पैसे मिळू लागले. सभेला येणाऱ्याला हातात दोन-चार डॉलर द्यायचे ठरले. त्यावर टीका व्हायची ती झालीच: पैशासाठी येतात. येत असतील. आपल्याकडच्या बँकांचे आणि साखर कारखान्यांचे संचालक बैठक भत्ता घेतात तेव्हा हा आक्षेप कुणी काढल्याचे ऐकिवात नाही. सभेत आरडाओरडा व्हायचा, कुणी मध्येच झोपायचे, कुणी निघून जायचे. तरी विषयपत्रिका पुढे सरकायची, हात वर करून मतदान व्हायचे, आणि मागच्या सभेचा ठराव पुढच्या सभेत वाचून दाखवला जायचा. या लोकांना अर्धा तास एका जागी बसवत नाही, अशी शहराची खात्री होती. त्याच लोकांनी उपसमित्या नेमल्या, खजिनदार निवडला आणि वादात हरल्यावर बहुमत मान्य केले. सभासदसंख्या पुढे हजारांच्या घरात गेली.

आणि सभेतून कामे निघाली. गल्ल्यांतून रात्री फिरणारी पथके आधी आली. अंगात खास जाकीट, पिशवीत सुया, पाण्याच्या बाटल्या, अल्कोहोलचे बोळे. एखादा निळा पडलेला दिसला तर श्वास कसा द्यायचा, हे त्यांना शिकवलेले असे. कोणत्या कचरापेटीमागे कोण असतो, हे त्यांना शिकवावे लागले नाही. २००१ मध्ये संघटनेने मेन आणि हेस्टिंग्जच्या चौकात रात्रीचे टेबल मांडले आणि जुनी सुई आणलीच पाहिजे ही अट गुंडाळून ठेवली. शहराचे धोरणही त्याच दिशेने सरकले. सुया एकाच केंद्रातून न देता ठिकठिकाणाहून मिळू लागल्या, हव्या तितक्या मिळू लागल्या. १९९८ ते २००३ या काळात दुसऱ्याची सुई वापरणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले आणि नव्या एचआयव्ही लागणीही ओसरल्या.

एका पथकाचे काम तर बाहेरच्या माणसाला पचायला कठीण आहे. ज्यांना स्वतःला टोचता येत नाही, त्यांना ते टोचायला शिकवत आणि मदत करत. अशा लोकांत बायका जास्त. शीर सापडत नाही, हात थरथरतो, म्हणून त्या कुणा पुरुषाकडून टोचून घेतात. तो आधी स्वतः घेतो, मग त्याच सुईने तिला देतो. शिवाय मोबदला मागतो, कधी पैशात, कधी माल म्हणून, कधी अंगावर जबरदस्ती करून. मदत लागणाऱ्यांत एचआयव्हीचा धोका जास्त असतो, हे संशोधकांनी नोंदवले. गल्लीतल्या बायकांनी ते सभेत आधीच सांगितले होते. कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्याला टोचणे हा सरळ गुन्हा. पथक तरी चालू राहिले.

इथे मराठी वाचक थबकेल. आपल्याकडे या विषयाची ओळख झाली ती अनिल अवचट यांच्या ‘गर्द’वरच्या लेखनातून आणि १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगणमधून. तिथले ध्येय व्यसनातून सुटका हे आहे, आणि सुटलेली माणसेच पुढच्यांना हात देतात. व्हँडूच्या दारात ‘सोडणार का?’ हा प्रश्नच विचारत नाहीत. मग हे व्यसनाला खतपाणी नव्हे का? शंका प्रामाणिक आहे आणि तिला आकड्यांनी उत्तर देता येते. ते पुढे येईलच. पण दोन्ही ठिकाणी एक समान धागा आहे: जो त्यातून गेला आहे त्याचे ज्ञान पुस्तकी माणसाच्या ज्ञानापेक्षा कमी मानायचे नाही. व्हँडूने त्यात भर घातली ती ‘जो अजून त्यातच आहे’ त्याची. भारतातही ही वाट अनोळखी नाही. इंफाळमध्ये १९९१ मध्ये पूर्वी ड्रग घेतलेल्या तरुणांनीच ‘सासो’ ही संस्था काढली, आणि मणिपूरने १९९६ मध्ये आपल्या एड्सविषयक धोरणात हार्म रिडक्शन, म्हणजे व्यसन सुटो न सुटो त्यातून होणारी हानी कमी करणे, लिहून टाकले. आज राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात स्वच्छ सुया आणि ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन या पर्यायी औषधांचा समावेश आहे, मुंबईतही.

पुन्हा व्हँकुव्हर. २००० च्या उन्हाळ्यात शहराने डाउनटाउन ईस्टसाइडमध्ये व्यसनींसाठी नव्या सेवा उघडायला नव्वद दिवसांची स्थगिती दिली. व्यापाऱ्यांचा आणि शेजारच्या रहिवाशांचा दबाव होता. बागेत आता दोन हजार क्रूस लागले होते. सप्टेंबरात व्हँडूचे सभासद खांद्यावर शवपेटी घेऊन महापालिकेच्या सभागृहात शिरले आणि ती सदस्यांसमोर ठेवून त्यांनी बोलण्याची वेळ मागितली. डीन विल्सन या सभासदाने भाषण केले. महापौर फिलिप ओवेन हे उजव्या पक्षाचे, सुखवस्तू, कोटबूटवाले गृहस्थ. सुरुवातीला ते सक्तीच्याच बाजूने होते. पण या लोकांना ते पुन्हा पुन्हा भेटले, ऐकत राहिले आणि बदलले. ‘चार खांब’ म्हणून ओळखले जाणारे धोरण त्यांच्या काळात मांडले गेले आणि मे २००१ मध्ये मंजूर झाले: प्रतिबंध, उपचार, कायद्याची अंमलबजावणी आणि हार्म रिडक्शन. त्यांच्या पक्षाला ते मानवले नाही आणि पुढच्या निवडणुकीत ओवेन उमेदवार राहिले नाहीत. राजकारणात मत बदलण्याची एवढी किंमत मोजणारे मला फार आठवत नाहीत. त्यांच्या जागी नोव्हेंबर २००२ मध्ये लॅरी कॅम्बेल निवडून आले. ते आधी ड्रग पथकातले पोलीस, मग मृत्यूंची चौकशी करणारे प्रांताचे मुख्य कॉरोनर. देखरेखीखाली इंजेक्शन घेण्याची जागा काढू, हे त्यांचे निवडणुकीतले आश्वासन होते.

आश्वासन कागदावर असतानाच एप्रिल २००३ मध्ये पोलिसांनी वस्तीत मोठी मोहीम उघडली. लोक गल्ल्यांतून पांगले. म्हणजे पथकांच्या हातून निसटले. व्हँडूने वाट न पाहता कॅरल स्ट्रीटवर ३२७ क्रमांकाच्या गाळ्यात स्वतःच खोली उघडली. रात्री दहा ते दोन. एक परिचारिका विनावेतन यायची, बाकी सगळे सभासद. परवाना नाही, अनुदान नाही. साधारण सहा महिन्यांत तिथे तीन हजारांहून अधिक वेळा लोकांनी देखरेखीखाली इंजेक्शन घेतले. पोलीस दारात उभे राहायचे, कधी आत येऊन नजर टाकायचे. सप्टेंबर २००३ मध्ये ईस्ट हेस्टिंग्जवर ‘इनसाइट’ हे उत्तर अमेरिकेतले पहिले कायदेशीर केंद्र उघडले. बारा कप्पे, प्रत्येकासमोर आरसा, मागे परिचारिका. ते चालवायला दिले पीएचएस या निवाऱ्याचे काम करणाऱ्या संस्थेला आणि आरोग्य प्राधिकरणाला. व्हँडूला नाही. खोली चालवून दाखवणारे एक आणि चाव्या मिळणारे दुसरे, हे संस्थांच्या जगात नवे नाही. इनसाइटच्या नियमांत दुसऱ्याला टोचायला मदत करणे बसत नव्हते. त्या बायकांसाठी गल्लीतले पथकच राहिले.

मघाच्या शंकेचे उत्तर इथे देतो. इनसाइट उघडल्यानंतरच्या वर्षात तिथे येणाऱ्यांचे नशामुक्तीसाठी दाखल होण्याचे प्रमाण तीस टक्क्यांहून अधिक वाढले. २००७ मध्ये तर त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर दाखल होऊन शरीर ड्रगमुक्त करून घेण्याची सोय झाली. आणि २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार केंद्रापासून पाचशे मीटरच्या आत ओव्हरडोसचे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले होते, उरलेल्या शहरात ही घट ९.३ टक्के होती.

कॅनडाचे केंद्र सरकार २००६ मध्ये बदलले. नवे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या सरकारला इनसाइट नको होते, आणि २००८ पासून इनसाइटला अमली पदार्थांच्या कायद्यातून दिलेली सूट वाढवून द्यायला आरोग्यमंत्री तयार नव्हते. खटला झाला. वादी म्हणून पीएचएस, दोन रुग्ण आणि वेगळ्या दाव्यासह व्हँडू. रुग्णांपैकी एक तोच डीन विल्सन. ३० सप्टेंबर २०११ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला: सूट नाकारणे हे जीविताच्या आणि शरीराच्या सुरक्षिततेच्या हक्काचे उल्लंघन आहे, मंत्र्यांनी ती द्यावी. पेपरांत जल्लोष छापून आला. त्यात एक ओळ सहसा सुटली. व्हँडूने याहून मोठे काही मागितले होते: व्यसन हा आजार आहे, तर व्यसनी माणसाने स्वतःपुरता माल बाळगणे हा गुन्हाच राहू नये. ते मागणे न्यायालयाने फेटाळले. म्हणजे केंद्राच्या बारा कप्प्यांत जे संरक्षण मिळाले, ते दाराबाहेरच्या फुटपाथवर नव्हते. संघटनेच्या पुढच्या दशकाचा सगळा भर या फुटपाथवर राहिला.

त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयात इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्कच्या याचिकेचा निकाल लागला होता. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या भारतीय कायद्याच्या ३१-अ कलमाखाली काही गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याला फाशी देणे न्यायाधीशाला बंधनकारक होते. ती सक्ती न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली आणि शिक्षेची निवड न्यायाधीशाकडे परत दिली. दोन शहरांचे प्रश्न वेगळे. पण अमली पदार्थांच्या खटल्यात आरोपीलाही घटनेतल्या जीविताच्या कलमाचा आधार आहे, हे दोन्हीकडे हार्म रिडक्शनवाल्यांनी न्यायालयात नेऊन दाखवले.

संघटनेतून शाखा फुटत गेल्या. आदिवासी सभासदांनी वेस्टर्न ॲबोरिजिनल हार्म रिडक्शन सोसायटी काढली, मेथाडोन घेणाऱ्यांनी आपली वेगळी संघटना केली, हातभट्टीची आणि हँड सॅनिटायझरसारखी न पिण्याची दारू पिणाऱ्यांचाही गट झाला. यातला सर्वांत विलक्षण गट मला नाओमीच्या रुग्णांचा वाटतो. नाओमी ही २००५ ते २००८ मधली वैद्यकीय चाचणी. तिच्यात मेथाडोनचा उपयोग न झालेल्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेरॉइन दिले गेले. प्रकृती सुधारल्या, चोऱ्या कमी झाल्या. मग चाचणी संपली आणि औषधही संपले. निष्कर्ष छापून आले, आणि ज्यांच्या शरीरावर ते निघाले ते लोक परत गल्लीत गेले. २०११ पासून हे रुग्ण व्हँडूच्या जागेत जमू लागले आणि त्यांनी स्वतःच स्वतःच्या अनुभवाचा अभ्यास करून प्रसिद्ध केला: चाचणीत भाग घेणाऱ्याला ती संपल्यावर काय मिळणार, हे आधी ठरले पाहिजे. त्यांच्यावर शोधनिबंध लिहिणारे खूप होते. या वेळी संशोधकांवर त्यांनी लिहिले.

आरोग्याचा हक्क म्हणजे फक्त सुई आणि औषध नव्हे, हे दाखवणारा एक किस्सा संघटनेच्या कागदपत्रांत आहे आणि मला तो फार आवडतो. डाउनटाउन ईस्टसाइडमध्ये गाड्यांखाली येऊन माणसे जायबंदी होत. शहराचे म्हणणे, हे नशेत कुठेही रस्ता ओलांडतात. व्हँडूने सभासदांना वह्या देऊन चौकाचौकांत उभे केले. गाड्यांचा वेग किती, सिग्नल किती सेकंदांचा, काठी टेकत चालणाऱ्याला पलीकडे जायला किती वेळ लागतो, हे मोजून अहवाल दिला. हेस्टिंग्जच्या सहा चौकांच्या पट्ट्यात २०११ मध्ये ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आली. म्हातारे चिनी आजी-आजोबा, शाळेतली मुले, सगळ्यांना तिचा उपयोग झाला.

मग फेंटानिल आले. हेरॉइनच्या कित्येक पट तीव्र असलेला हा पदार्थ मालात मिसळून येऊ लागला आणि घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत याचाच पत्ता राहिला नाही. १४ एप्रिल २०१६ रोजी प्रांताने आरोग्य आणीबाणी जाहीर केली. जाहीर झाली खरी, पण महिने गेले तरी गल्लीत फारसे काही बदलेना. तेव्हा सप्टेंबरात सेरा ब्लाइथ ही कार्यकर्ती, ॲन लिव्हिंग्स्टन आणि सोबत्यांनी एका गल्लीत सरळ तंबू ठोकला, आत टेबल-खुर्च्या, हाताशी ओव्हरडोस उतरवणारे नालोक्झोन. कॅरल स्ट्रीटचाच धडा तेरा वर्षांनी पुन्हा. या वेळी सरकारने अडवले नाही. डिसेंबरात मंत्र्यांनी आदेश काढून अशा जागांना मान्यता दिली, आणि व्हँडूच्या ईस्ट हेस्टिंग्जवरच्या सभागृहाच्या एका भागातही लोक देखरेखीखाली घेऊ लागले. २०१७ मध्ये देशभर कायदा झाला की ओव्हरडोससाठी मदत बोलावणाऱ्यावर माल बाळगल्याचा गुन्हा लावायचा नाही. गवतावरच्या पहिल्या सभांतला तो प्रश्न इतक्या वर्षांनी संसदेपर्यंत पोचला. तरीही २०२३ या एका वर्षात ब्रिटिश कोलंबियात अडीच हजारांवर माणसे विषारी मालाने गेली.

बड ऑस्बर्न २०१४ मध्येच वारले होते. त्यांच्यासाठी रस्ता बंद करून सभा झाली.

संघटनेला पैसा देणारे आणि तिच्याकडून शिव्या खाणारे बहुतेक एकच. हा पेच सुटलेला नाही आणि सुटण्यासारखाही नाही. २०२२ मध्ये हेस्टिंग्जच्या फुटपाथवर तंबूंची रांग लागली, व्हँडू तंबूवाल्यांच्या बाजूने उभी राहिली, आणि शहराने तिच्याशी केलेला रस्ता स्वच्छतेचा करार रद्द केला. त्याआधीच्या वर्षी याहून महत्त्वाचा प्रसंग घडला. स्वतःपुरता माल बाळगणे गुन्ह्यातून वगळावे, ही २०११ मध्ये न्यायालयाने फेटाळलेली मागणी आता शहर स्वतःच केंद्राकडे नेत होते. किती ग्रॅमपर्यंत सूट, हे ठरवायला जी चर्चा चालली होती तिच्यात व्हँडूला बोलावले होते. शहराने मांडलेले आकडे फार कमी आहेत, असे सभासदांचे म्हणणे. सहनशक्ती वाढलेला माणूस दिवसाला किती घेतो, माल एकदम दोन-तीन दिवसांचा का घेतो, दूरच्या गावातला तर आठवड्याचा का घेतो, हे त्यांनी सांगितले. आकडे बदलले नाहीत. मे २०२१ मध्ये संघटना त्या चर्चेतून बाहेर पडली. पुढे प्रांताने साडेचार ग्रॅम मागितले, केंद्राने अडीच दिले, आणि ३१ जानेवारी २०२३ पासून प्रयोग सुरू झाला. मे २०२४ मध्ये सार्वजनिक जागांपुरती सूट मागे घेतली गेली. घर नसलेल्याला खासगी जागा नसते, त्यामुळे ज्यांच्या नावाने प्रयोग मांडला होता त्यांतले बहुसंख्य लोक त्या दिवशी पुन्हा कायद्याच्या कचाट्यात आले. आणि त्यांतले पुष्कळ व्हँडूचे मत देणारे सभासद होते.